दिवस मावळायच्या आत

येत्या शनिवारी मिरजेत उद्योजकांचा मेळावा आहे आणि मला तिथं सौर पूरक उद्योगातल्या संधींवर बोलायचंय. आयोजकांचे फोनवर फोन. मी म्हटलं, संधी कसली हो, आधी माझी पाठ बघा येऊन. ते हसले. दमलेली बाई खरं बोलली की लोकांना विनोद वाटतो, हा माझा जुना अनुभव आहे.

माझ्याकडं सांगण्यासारखं एकच आहे आणि ते माईकवर सांगता येणार नाही. म्हणून इथं सांगते.

मी त्रिशला पाटील. कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना. सौरऊर्जेचं काम म्हटलं की लोक विचारतात, पॅनेल बनवता का? नाही. पॅनेल ज्याच्यावर बसतं ते आम्ही बनवतो. लग्नात नवरदेवाचे फोटो निघतात, मांडव घालणाऱ्याचा कुणी काढत नाही. पण मांडव पडला की पहिली शिवी त्याला. क्लॅम्प, नटबोल्ट, खालच्या पट्ट्या, असला सगळा आमचा संसार. माझे मालक आदगोंडा पाटील, मूळचे गुऱ्हाळवाले. मी बी.कॉम. झालेली. आमची अर्धी हयात त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली.

आम्ही जैन. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं. एरवी धंद्यापायी नियम सैल झालेत, मी तर कॉलेजपासूनच पाळत नाही, खोटं कशाला बोलू. पण चातुर्मासाचे चार महिने आमचे पाटील सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबही घेत नाहीत. त्यांची आई गेल्यापासून धरलेला नियम आहे. घर कारखान्याच्या पाठीमागंच. ऊन उतरलं की मी भाकऱ्या टाकायची, खिडकीतून हाक मारायची, ते हात धुऊन यायचे. बाकीचे आठ महिने हा माणूस उभ्याउभ्या, कानाला फोन लावून, डब्यातलं काहीतरी तोंडात टाकतो. चातुर्मासात मात्र मांडी घालून समोर बसायचे. मला देवाधर्माचं फार नाही, पण त्या चार महिन्यांची मी वर्षभर वाट बघायची. नवऱ्याचं तोंड नीट दिसायचं ते तेवढंच.

तर धंद्याचं. क्लॅम्पमध्ये काही राहिलं नव्हतं. जो उठेल तो क्लॅम्प करायला लागला होता आणि भाव पाडायची नुसती शर्यत. आम्ही शेड भाड्यानं द्यायच्या गोष्टी बोलत होतो. अशात ती बिजागरी आली.

पॅनेल सूर्यामागं फिरत राहिलं तर वीज जास्त देतं. पण फिरवायला मोटर लागते, गिअर लागतो, वायर लागते, आणि आमच्या जिल्ह्याच्या पूर्वभागातल्या धुळीत मोटर दोन उन्हाळे काढत नाही. पुण्यातल्या एका कंपनीनं त्यावर तोड काढली. तांब्यात ॲल्युमिनियम आणि थोडं मँगनीज घालून त्यांनी असा धातू केला की त्याला शिकवता येतं. थंड असताना त्याच्या कणांची मांडणी एक असते, तापला की दुसरी होते. वजन टांगून तो पुन्हापुन्हा तापवायचा, निववायचा. असं बरेचदा केलं की त्याला दोन्ही आकार पाठ होतात. मग वजन काढा, तापला की आपला आपण वाकतो, निवला की सरळ होतो. अशा दोन पट्ट्या पॅनेलखालच्या बिजागरीत बसवायच्या, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, मधे सावलीला पत्रा. सूर्य पश्चिमेला सरकेल तशी तिकडची पट्टी जास्त तापते आणि पॅनेलला आपल्याकडं ओढते. जास्त तापली की जास्त ओढते. ना मोटर, ना वायर. उन्हानंच उन्हाकडं तोंड फिरवायचं.

कंपनीला हे स्वतःच्या कारखान्यात करणं परवडत नव्हतं. शिकवणीचं काम म्हणजे वेळखाऊ, कटकटीचं, माणूस शेजारी बसून करायचं. असली कामं आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतात आणि त्यालाच मेळाव्यात संधी म्हणतात. धातू ओतायचं काम गल्लीतल्या नूरभाई मुजावरांकडं गेलं. त्यांची भट्टी आमच्या समोरच. पाटलांनीच त्यांचं नाव सुचवलं होतं, कारण त्यांची भट्टीही आमच्या शेडसारखीच अखेरच्या घटका मोजत होती. नूरभाईंनी पट्ट्या ओतायच्या, आम्ही शिकवायच्या. दोन घरं त्या बिजागरीवर उभी राहिली.

शिकवणीत शेवटचा ताव महत्त्वाचा. सगळं पाठ करून झालं की माल तेलाच्या टाकीत ठेवायचा आणि दिवसभर तापमान हळूहळू चढवत ठरलेल्या आकड्याला न्यायचा. हा ताव पुरा झाला की पाठ पक्का. आता दिवसाची वीज स्वस्त आणि दिवेलागणीनंतर हात लावू नये इतकी महाग, त्यामुळं ताव उजाडल्यावरच सुरू व्हायचा. उन्हाळ्यात दुपारीच आकडा गाठायचा. पावसाळ्यात हवा गार आणि दिवसाची वीज ढगांच्या मर्जीवर. ताव रेंगाळत पार संध्याकाळवर यायचा. कंपनीची तपासणी या तावाच्या आधी व्हायची. ताव तेवढा आमच्या भरवशावर होता.

दुसऱ्या वर्षी, गणपती उठल्यावर, तन्वी आली. तन्वी बोरगावे, कंपनीची इंजिनिअर, मुलगी हुशार आणि कामाला वाघ. मला काकू म्हणायची. त्या दिवशी चहाला नको म्हणाली तेव्हाच मी समजले, काहीतरी बिनसलंय. जतजवळच्या माळावर कंपनीचं मोठं सौरक्षेत्र उभं राहिलं होतं. तिथल्या काही ओळी रोज चार-साडेचारला अडून बसायच्या. सूर्य खाली उतरायचा आणि पॅनेलं अर्ध्यात थांबून आभाळाकडं बघत राहायची. पुन्हा हलेपर्यंत दिवस संपलेला. आणि सगळ्या गावांना दिवे, पंखे, मोटारी लागतात त्या त्याच वेळेला. अडणारा माल सगळा गेल्या पावसाळ्यातला होता. कंपनीनं निष्कर्ष काढला होता की पावसाळ्यात नूरभाईंच्या साच्यात ओल राहिली, ती धातूत उतरली, धातू नासला.

नूरभाई आमच्या दारातच उभे होते. वाद घातला नाही त्यांनी. भट्टी तपासतो म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. तन्वी मला हळूच म्हणाली की ओतकाम आता दुसरीकडं जाणार, तुमचं काम राहील, काळजी करू नका. मला बरं वाटलं. लगेच वाईटही वाटलं, पण बरं आधी वाटलं.

त्याच संध्याकाळी भाकऱ्या झाल्या तरी पाटलांना हाक ऐकू जाईना, पलीकडं कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं. म्हणून मी शेडमध्ये बोलवायला गेले. ते टाकीपाशी होते. त्यांनी आकडा बघितला, दाराबाहेरचं ऊन बघितलं आणि हीटरचा खटका खाली केला. मग टाकीच्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "थोडंच राहिलंय. अंगच्या गरमीवर येईल."

गुऱ्हाळात असंच करतात. काकवी पाकाला यायच्या जरा आधीच कढई उतरवायची. रस आपल्या अंगच्या उष्णतेनं पुढं शिजत राहतो आणि गूळ बरोबर बसतो. आगीवर ठेवून वाट बघितली तर करपतो. सासऱ्यांनी त्यांना लहानपणी शिकवलेलं. माझ्या नवऱ्याच्या हातात ते इतकं मुरलंय की त्यांना ते करताना कळतसुद्धा नाही. उन्हाळ्यात जेवायची घाई नसते, म्हणून ताव पुरा व्हायचा. चातुर्मासात हाक यायची, कढई उतरायची.

मला तेव्हा लगेच उलगडलं असं नाही. ताट वाढलं, जेवले, भांडी घासली. पण पावसाळ्यातला माल, पावसाळ्यातला माल, हे डोक्यात घोळत राहिलं. सकाळी तन्वीला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की शेवटचा ताव थोडा कमी पडला तर काय होतं गं?

तिनं समजावलं. हा धातू तापताना एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत जातो, पण सगळा एकदम नाही, थोडाथोडा. मधेच तापवणं सोडलं तर जेवढा बदलला तेवढा एक भाग आणि न बदललेला दुसरा, अशी त्याच्यात सीमा पडते. निवला तरी तिची खूण राहते. पुढच्या वेळी तापत तापत त्या जागेला आला की अडखळतो. जिथं सोडलं ती जागा तो विसरत नाही. एकदा पार वरच्या आकड्यापर्यंत नेला तर खूण पुसते. पण उन्हात पट्टी तेवढी कधीच तापत नाही, म्हणून रोज तिथंच अडते. तिनं विचारलं, "काकू, ताव कमी पडला होता का?" मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

दिवसभर मनात एकच होतं, गप्प बसावं. नूरभाईंवर आलंय, येऊ दे. आपलं काम राहतंय. उद्यापासून हीटर आपण बघू, कुणाला कळणार आहे? असं मनात आलं, आलं म्हणजे आलं. माणूस दमला की देवासारखं वागत नाही.

पण त्यांना न सांगता समोर बसून जेवणं मला जमणारं नव्हतं. ताटावर बसल्या बसल्या सांगून टाकलं.

त्यांचा हात भाकरीवरच राहिला. म्हणाले, "म्हणजे मीच."

"हाक मी मारत होते," मी म्हटलं.

"हाक मारण्यात काय चूक आहे? खटका माझ्या हातानं पडत होता." ताट बाजूला सारलं. "तन्वीला फोन लाव."

मी म्हटलं, अहो, आधी जेवा, दिवस बुडेल. आणि सांगितलं तर आपलंही काम जाईल, शेड जाईल, या वयात पुन्हा क्लॅम्प ठोकत बसायचं का? मी बरंच बोलले. आवाजही चढला माझा.

ते म्हणाले, "माझं पाप नूरभाईच्या भट्टीत जाळू होय?"

मी फोन लावून दिला. बोलणं संपेपर्यंत बाहेर अंधारून आलं होतं. ताट तसंच झाकून ठेवलं आणि ते उपाशी झोपले.

तन्वी चिडली, आणि तिचं चुकलं नाही. तिनं साहेबांपुढं धातूचं नाव घेतलेलं होतं. पण सचोटीची मुलगी. दोन दिवसांनी निरोप आणला की कंपनी दिवाळीपर्यंत थांबेल. तोवर माळावरची प्रत्येक अडणारी पट्टी जागेवर जाऊन, गरम हवेच्या बंदुकीनं, पुरी तापवून द्यायची. सगळ्या ओळी सूर्याबरोबर शेवटपर्यंत गेल्या तर ओतकाम नूरभाईंकडं आणि शिकवणी आमच्याकडं राहील. एक जरी ओळ अडली तरी दोन्ही कामं दुसरीकडं. दिवसा पॅनेलं वीज देत असतात तेव्हा हात लावायचा नाही. ती अडून बसतात, तेवढाच वेळ तुमचा.

म्हणजे चार-साडेचारपासून अंधार पडेपर्यंत. नेमकी जेवायची वेळ.

पाटील जाऊन नूरभाईंना सगळं सांगून आले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा टेम्पो निघाला तेव्हा नूरभाई आधीच मागं बसलेले होते. त्या वर्षी रमजान चातुर्मासातच आला होता, त्यामुळं त्यांचे रोजे चालू. पाटलांनी म्हटलं, तुम्ही कशाला, उपाशी माणूस. नूरभाई म्हणाले, तुम्ही काय जेवून येणार आहात?

माळ म्हणजे नुसता वारा आणि कुसळं. नजर पोचेल तिथवर पॅनेलं. साडेचारच्या सुमाराला भोवतालच्या ओळी हळूहळू पश्चिमेला कलत राहायच्या आणि आमच्या तेवढ्या थांबायच्या. शाळेत एकट्या आपल्याच पोरानं अंगठे धरून उभं राहावं तसं वाटायचं मला. वाकायचं, पट्टीवर गरम हवा धरायची, काट्यावर आकडा येईपर्यंत धरून ठेवायची. आकडा आला की पट्टी जरा कुरकुरायची आणि पॅनेल पुढं सरकायचं. मग पुढची. बंदूक जड, झळ तोंडावर, कंबर धरायची. आमची चार कामगार माणसंही होती, पण पाटील कुणापेक्षा कमी पट्ट्या करायचे नाहीत.

आणि जेवायचे नाहीत. मी रोज डबा न्यायची, रोज तो तसाच परत यायचा. सूर्य टेकडीला लागला की मी त्यांच्याकडं बघायची. ते बघायचे नाहीत. सूर्य बुडाला की त्यांचं पाणीसुद्धा बंद व्हायचं, आणि तिकडं नूरभाईंचं सुरू व्हायचं. नूरभाई दोन घोट पाणी घेऊन रोजा सोडायचे, एक खजूर खायचे आणि बाकीचा डबा बंद करून ठेवायचे. उपाशी माणसासमोर घास उतरत नाही म्हणायचे. पाटील त्यांना रागे भरायचे, टेम्पोत बसून खावा तरी. नूरभाई म्हणायचे, तुमचा सूर्य माझ्या सूर्याशी जुळत नाही त्याला मी काय करू. थट्टा होती, पण दोघंही वाळत चालले होते. पाटलांना एका वेळच्या जेवणावर बंदूक धरवेना. मला रडू यायचं आणि रागही. हा कसला धंदा, ज्यानं दोन म्हातारी होत आलेली माणसं उपाशी उभी केलीत? सूर्यावर चालणारा धंदा म्हणे.

शेवटच्या दिवशी एकच ओळ राहिली. तन्वी आली होती, माळाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून झालेल्या ओळी तपासत होती. पाटील ओळीच्या सुरुवातीला बसले आणि उठताना त्यांचा तोल गेला. पॅनेलची दांडी धरली म्हणून पडले नाहीत. मी धावले. पाणी पुढं केलं, घेतलं. डबा पुढं केला, नको म्हणाले, एवढी ओळ झाली की झालं.

"ओळ होईपर्यंत दिवस जाईल," मी म्हटलं. "आज जेवला नाहीत तर मीच जाऊन तन्वीला सांगते, आम्हाला काम नको. खरंच सांगते. मला कारखाना नको, बिजागरी नको. मला तुम्ही समोर बसून जेवलेले हवे आहात."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, असं मी कधी बोलले नव्हते. कामगार दुसरीकडं बघायला लागले. पाटीलही खाली बघत राहिले.

नूरभाई आले आणि त्यांनी पाटलांच्या हातातली बंदूक काढून घेतली. "तुम्ही बसा. दिवस आहे अजून. माझं नंतर आहे."

"चूक माझी आहे, नूरभाई."

"धातू माझा आहे की," नूरभाई म्हणाले, आणि वाकून पट्टीला लागले.

पाटील बसले. झालेल्या ओळीतल्या एका पॅनेलच्या सावलीत मी पोतं टाकलं, डबा उघडला. भाकरी, मुगाचं वरण, दही, शेंगदाण्याची चटणी. ते मांडी घालून समोर बसले. पहिला घास घेतला आणि तो त्यांच्याकडून नीट चावला जाईना, इतका जीव थकलेला. मी भाकरी वरणात कुस्करून दिली. मग हळूहळू जेवले. मी बघत होते. किती पांढरे झालेत मिशांचे केस, हे मला त्या दिवशी दिसलं.

मधेच डोक्यावरचं पॅनेल हललं. तापलेल्या पट्टीनं ओढलं आणि ते सूर्याकडं आणखी कललं, कुठंही न अडता. सावली सरकली आणि तिरपं ऊन त्यांच्या ताटात आलं. त्यांनी घास थांबवून वर बघितलं. मग पुन्हा खायला लागले.

जेवताना म्हणाले की पुढच्या चातुर्मासात हीटरपाशी माणूस ठेवायला पाहिजे, मी नको, माझ्या हाताचा भरवसा नाही. तिकडून नूरभाई बंदूक न थांबवता म्हणाले की संध्याकाळी मी येऊन बसत जाईन, समोरच तर आहे. रमजान असला तर तुम्ही आधी जेवून या आणि मग मला सोडा. ठरलं. करारबिरार काही नाही, माळावर बोलता बोलता ठरलं, आणि आजवर तसंच चाललंय.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा पाटलांनी शेवटचं पाणी पिऊन हात जोडले. नूरभाईंची शेवटची पट्टी कुरकुरली आणि शेवटचं पॅनेल सरकलं. पलीकडून तन्वीनं हात वर केला. ती चालत आली आणि सरळ नूरभाईंपाशी गेली. म्हणाली, "चाचा, धातू चांगला आहे. मी तसं लिहून देते." नूरभाईंनी मान हलवली. सगळं माळरान एका दिशेला तोंड करून उभं होतं.

सूर्य गेला. पाटलांनी सरकून जागा दिली, नूरभाई पोत्यावर येऊन बसले. मी त्यांना पाणी दिलं, खजुराचा डबा उघडून पुढं ठेवला. आज त्यांनी तो बंद केला नाही. एक झाला, दुसरा झाला, मग माझ्याकडची भाकरी मागितली. पाटील शेजारी तृप्त बसून त्यांना जेवताना बघत होते आणि चटणी घ्या म्हणून आग्रह करत होते.

दोघांचं झाल्यावर मी डब्यात बघितलं. एक भाकरी उरली होती, गार, वाऱ्यानं कडक झालेली. अंधारात, दोघांच्या मधे बसून, मी जेवले.